बरगंडीच्या उतारावरची गावं

पूर्व फ्रान्समधल्या बोन या लहानशा शहरात द्राक्षतोडणी कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला सुरू झाली, याच्या नोंदी थेट 1354 सालापासून जुळवता येतात. दख्खनेत बहमनी राज्य उभं राहून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. अभ्यासकांनी 2018 पर्यंतच्या या सगळ्या तारखा एका ओळीत मांडल्या, तेव्हा तोडणी 1988 नंतर सरासरी तेरा दिवस अलीकडे सरकल्याचं दिसलं. हवामान बदलत असल्याचा इतका जुना आणि इतका साधा पुरावा दुसरीकडे सहज मिळायचा नाही. पण एवढी शतकं एखादा मुलूख एकाच पिकाच्या तारखेकडे डोळे लावून जगतो, तेव्हा तिथलं गावजीवन कसं घडतं, हा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो. बरगंडीच्या वाइनच्या चवीवर ढीगभर लिहिलं गेलं आहे. ती वाइन ज्या गावांत तयार होते, त्या गावांच्या रोजच्या जगण्याची ही माहिती.

एक उतार, एक रस्ता

दीजों शहर सोडून दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला एक बुटका डोंगरउतार लागतो आणि पन्नासेक किलोमीटर सोबत करतो. हाच कोत द ओर. त्याच्या उत्तरेकडच्या भागाला कोत द नुई म्हणतात, दक्षिणेकडच्या भागाला कोत द बोन. उताराचं तोंड पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचं ऊन पहिल्यांदा बागांवर पडतं. माथ्यावर झाडी, मधल्या पट्ट्यात चुनखडीची उथळ जमीन आणि खाली सपाटीला जाड चिकण माती, अशी त्याची रचना आहे.

पायथ्याने जुना हमरस्ता जातो. ढोबळमानाने सांगायचं तर या रस्त्याच्या वरच्या अंगाला नामांकित बागा आहेत आणि खालच्या अंगाला साध्या वाइनच्या. मधल्या पट्ट्यात पाण्याचा निचरा उत्तम होतो, खाली पाणी धरून राहतं. भावातला जमीन-अस्मानाचा फरक बराचसा यातून येतो. दोन्ही बागांत वेली त्याच जातीच्या, कधी कधी मालकही तोच, आणि अंतर पाच मिनिटं चालण्याचं. लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने हीच इथली मुख्य पिकं. गामे नावाची भरघोस उत्पन्न देणारी जात 1395 मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढून हद्दपार करायला लावली होती. नगापेक्षा गुणाला महत्त्व द्यायचा सरकारी आग्रह इथे इतका जुना आहे.

गावं मात्र अगदी लहान. जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी काही ज्या व्होन-रोमाने गावच्या शिवारात होतात, त्या गावाची वस्ती चारशेच्या आसपास. एक चर्च, एक मेरी म्हणजे ग्रामपंचायत कचेरी, उंच दगडी भिंती आणि त्या भिंतींना मोठी लाकडी दारं. दाराआड फरसबंद अंगण, एका बाजूला राहतं घर आणि पायाखाली तळघर. रस्त्यावरून श्रीमंतीचा थांगपत्ता लागत नाही. अंगणात चिखलाने माखलेले गमबूट उभे असतात.

पदरात पडेल तो तुकडा

या उतारावर जमिनीचे 1,247 नामांकित तुकडे आहेत. त्यांना क्लिमा म्हणतात. 2015 मध्ये युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. प्रत्येक तुकड्याला नाव आहे, आणि नावामागे बहुतेक वेळा साधंच कारण आहे. मर्सो गावातल्या पेरिएर नावाच्या तुकड्यात एकेकाळी दगडाच्या खाणी होत्या. बोनच्या क्लो दे मूश या बागेत मधमाश्यांची पोळी असत. आपल्या सातबाऱ्यावर गट क्रमांक येतो आणि बोलताना मात्र आपण ‘खाणीजवळचं रान’ म्हणतो. तिथे असं बोलीतलं नावच बाटलीच्या लेबलावर छापून येतं.

हे तुकडे इतके बारीक का, याला इतिहास आहे. मध्ययुगात मोठ्या बागा मठांच्या ताब्यात होत्या. 1098 मध्ये सितो इथे सिस्टर्सियन साधूंचा मठ उभा राहिला, आणि पुढे या साधूंनी क्लो द व्हूजो ही भिंतीने वेढलेली प्रचंड बाग उभी केली. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. मागोमाग 1804 चा नेपोलियनचा नागरी कायदा आला आणि बापाच्या मालमत्तेवर सगळ्या मुलांचा हक्क पक्का झाला. मग पिढीगणिक वाटण्या सुरू झाल्या. सुमारे पन्नास हेक्टरच्या त्या एका क्लो द व्हूजोत आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला काही गुंठे, कुणाच्या वाट्याला चार ओळी.

वाटण्यांनी शेती परवडेनाशी होते हे आपण घरोघरी पाहिलं आहे. इथेही भांडणं, अबोले आणि कोर्टकचेऱ्या झाल्याच. पण या तुकड्यांनीच बरगंडीचं गावपण टिकवलं, असं माझं मत आहे. सहा-सात हेक्टरचा मालक दहा-पंधरा ठिकाणी विखुरलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक ओळीला कुणीतरी शेजारी असतो. कुणाची छाटणी उशिरा झाली, कुणी तण माजू दिलं, कुणी हाव धरून जादा घड ठेवले, हे साऱ्या गावाला दिसतं. सरकारी तपासनीस येतात कधीमधी. शेजारी रोज बांधावरून जातो. या उतारावरच्या वाइनचा दर्जा राखण्यात गावातल्या कुजबुजीचा वाटा कायद्याइतकाच असावा.

बागेचं वर्ष

नाशिक, सांगलीच्या बागायतदाराला वर्षात दोन छाटण्या ठाऊक असतात: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. आपल्याकडे थंडी वेलीला पुरतं झोपवत नाही, म्हणून हा उपद्व्याप. बरगंडीत वेल हिवाळ्यात ठार झोपते आणि छाटणी एकदाच होते. नोव्हेंबरात पानं गळली की कात्र्या बाहेर निघतात आणि मार्चपर्यंत काम चालू राहतं. इथल्या पद्धतीत वेलीवर सात-आठ डोळ्यांची एक लांब काडी ठेवतात आणि पुढच्या वर्षाची सोय म्हणून दोन डोळ्यांचा एक आखूड खुंट. बाकी सगळं कापून टाकायचं. कोणती काडी राखायची हा निर्णय प्रत्येक वेलीपाशी नव्याने घ्यावा लागतो, आणि हेक्टरी वेली असतात दहा हजारांच्या घरात. म्हणजे एकरी चार हजार. आपल्या खाण्याच्या द्राक्षांच्या बागेत एकरी हजाराच्या आसपास असतात.

या कामाचा जुना सोबती म्हणजे काड्या जाळायचा गाडा. पत्र्याचं पिंप उभं कापून त्याचा एक भाग आडवा ठेवायचा, खाली चाक आणि मागे दोन दांडे जोडायचे आणि तळाला भोकं पाडायची, की गाडा तयार. छाटलेल्या काड्या त्यात टाकत, पेटलेला गाडा ढकलत माणूस ओळीतून पुढे सरकतो. राख भोकांतून जमिनीवर पडत जाते. हात गारठले की निखाऱ्यांवर शेकून घ्यायचे. जानेवारीच्या धुक्यात उतारावर ठिकठिकाणी उभ्या राहिलेल्या धुराच्या रेषा ही बरगंडीच्या हिवाळ्याची खूण आहे. अलीकडे बरेच जण काड्या जाळायच्या सोडून तिथेच भुगा करून मातीत मिसळतात. मातीला ते बरं. शेकायची सोय मात्र गेली.

मार्चमध्ये राखलेली काडी वाकवून तारेला बांधायची. हे काम दमट हवेतच करतात, कारण कोरड्या दिवशी काडी मट्कन मोडते. मग डोळे फुटतात आणि धास्तीचे दिवस सुरू होतात. एप्रिलमधल्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला तर कोवळे कोंब काळे पडतात. त्याहून मोठा घात होतो तो पहाटे. गोठलेल्या ओल्या कोंबांवर थेट ऊन पडलं की ते भाजल्यासारखे होतात. 2016 च्या एप्रिलअखेरीस अशा एका पहाटेने मोठं नुकसान केलं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा तशीच रात्र येणार असं दिसताच उत्पादकांनी एकजूट केली. पहाटेच्या अंधारात ओल्या पेंढ्याचे गठ्ठे पेटवून अख्ख्या उतारावर धुराची चादर पसरली, आणि ऊन अडवलं. धूर काही बांध ओळखत नाही. एकट्याने पेटवून काही साधण्यासारखं नव्हतं. 2021 च्या एप्रिलमध्येही रात्रभर ओळींतून मेणाच्या मोठ्या डब्यांच्या ज्योती तेवत होत्या.

2016 ची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मोंराशे ही पांढऱ्या वाइनची सर्वांत मानाची बाग. त्या वर्षी तिथल्या सात मालकांकडे इतकी थोडी द्राक्षं उरली की कुणाचंच एक पिंपही धड भरेना. एरवी आपल्या ओळीची द्राक्षं दुसऱ्याच्या टोपलीत जाऊ न देणारी ही मंडळी. त्यांनी सगळ्यांचा माल एकत्र करून एकाच तळघरात वाइन केली. भरली दोन पिंपं.

मे ते जुलै ही नुसती धावपळ. नको ते फुटवे काढायचे, वाढलेल्या काड्या तारांत अडकवायच्या, शेंडे मारायचे. ओळींमधलं अंतर मीटरभरच असल्याने ट्रॅक्टर ओळीच्या दोन्ही अंगांना चाकं ठेवून वेलींच्या डोक्यावरून चालतो. लांबून तो पाय ताणून उभ्या राहिलेल्या टोळासारखा दिसतो. काही मोठ्या घरांनी माती दडपली जाऊ नये म्हणून नांगरटीला पुन्हा घोडे आणले आहेत. पावसाळी वर्ष असलं की केवडा आणि भुरी आलीच. केवड्यावर औषध म्हणून फवारतात ते ओळखीचं बोर्डो मिश्रण. 1880 च्या दशकात फ्रान्समध्येच, बोर्दो भागात, ते सिद्ध झालं आणि पुढे सांगली-नाशिकच्या बागांपर्यंत पोहोचलं.

दुसरंही एक नातं आहे. 1870 च्या दशकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड बरगंडीत पोहोचली आणि तिने बागाच्या बागा संपवल्या. अमेरिकी वेलीच्या मुळांना ती बाधत नाही हे कळल्यावर त्या खुंटावर फ्रेंच जातींची कलमं बांधायची तोड निघाली. आज जगातली सर्वांत फ्रेंच समजली जाणारी वाइन अमेरिकी मुळांवर उभी आहे. आपल्या बागांतला डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकीच. तो आपण लावला खाऱ्या जमिनीसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी.

तोडणीचे दिवस

फुलोऱ्यापासून शंभर दिवस मोजायचे, हा तोडणीचा जुना हिशेब. एरवी सामसूम असलेली गावं सप्टेंबरात आठ-दहा दिवस माणसांनी भरून जातात. विद्यार्थी, निवृत्त मंडळी, पूर्व युरोपातून आलेले मजूर, दरवर्षी न चुकता येणारे जुने गडी. नामांकित बागांत यंत्र चालत नाही, सगळं हाताने. वेल बुटकी ठेवलेली असते आणि घड जमिनीपासून हात-दीड हातावर लटकतात. त्यामुळे दिवसभर कमरेत वाकून किंवा गुडघ्यांवर बसून तोडावं लागतं. तिसऱ्या दिवशी पाठ बोलायला लागते. पाठीवर टोपली बांधलेला गडी ओळींतून फिरत तोडलेला माल गोळा करतो.

सकाळी नवाच्या सुमाराला बांधावरच न्याहारी सुटते. पाव, सॉसेज, चीज, कॉफी आणि हवी त्याला वाइन. दुपारी मालकाच्या घरी लांब टेबलांवर सगळ्यांचं जेवण. मालक, त्याची आई, पोरं, मजूर, एकाच पंगतीला. या जेवणाची कीर्ती मजुरांत पसरते, आणि जिथे जेवण चांगलं तिथे माणसं पुढच्या वर्षी परत येतात. शेवटच्या दिवशी ट्रॅक्टरला फुलं आणि डहाळ्या बांधून, हॉर्न वाजवत वरात गावातून फिरते. मग रात्री मोठं जेवण होतं, त्याला पोले म्हणतात.

चित्र सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. आता बरेच जण ठेकेदारामार्फत मजूर आणतात. त्यांची पंगत वेगळी आणि मुक्कामाची सोय कधी कधी तंबूतली. मजुरांच्या राहण्याच्या हालांच्या तक्रारी फ्रान्सच्या द्राक्षभागांतून वारंवार येत असतात. तोडणीची छायाचित्रं पाहून हरखून जाणाऱ्याने हेही जाणून असावं.

तळघर

द्राक्षं आत आली की गावाचा आवाज जमिनीखाली जातो. आंबवण झालेली वाइन ओकच्या पिंपांत भरतात; इथल्या पिंपाचं माप ठरलेलं, 228 लिटर. तळघरात वर्षभर दमट गारवा असतो आणि छताच्या दगडांवर काळी, मखमलीसारखी बुरशी माजलेली असते. ती कुणी खरवडत नाही, कारण तळघर तब्येतीने ठीक असल्याची ती पावती मानतात. पिंपातून थोडी वाइन हवेत उडून जात असते, म्हणून ठरावीक दिवसांनी ती वरून भरून काढावी लागते. पुलिन्यी-मोंराशे गावात भूजल इतकं वर आहे की खोल तळघरं खणताच येत नाहीत. पांढऱ्या वाइनच्या सर्वांत नावाजलेल्या गावाची ही गंमत.

पाहुणा आला की मालक काचेची लांब नळी पिंपात बुडवतो, वरचं टोक अंगठ्याने दाबून थोडी वाइन वर काढतो आणि पेल्यात सोडतो. घोट तोंडात घोळवायचा आणि खडी पसरलेल्या जमिनीवर सरळ थुंकायचा. यात असभ्य काही नाही. दहा पिंपं चाखायची असतील तर दुसरा उपायही नाही. अनेक तळघरांत आधी लाल आणि नंतर पांढरी असा क्रम असतो, म्हणजे हॉटेलातल्या रिवाजाच्या बरोबर उलटा. बोलणं फार होत नाही. हा शेतकरी मितभाषी असतो, आणि स्वतःच्या मालाची स्तुती करणं त्याला ओशाळवाणं वाटतं. त्याने ‘वाईट नाही’ म्हटलं तर ती शाबासकी समजावी.

संत घरी येतात

सेंट विन्संट हा द्राक्षबागायतदारांचा रक्षक संत. त्याचा दिवस 22 जानेवारी. बरगंडीच्या बहुतेक द्राक्षगावांत त्याच्या नावाची परस्पर मदत मंडळं आहेत. मंडळाचा नियम साधा आहे. सभासद आजारी पडला किंवा पाय मोडून बसला तर बाकीच्यांनी जाऊन त्याची बाग करायची. छाटणी, बांधणी, फवारणी, जे अडलं असेल ते. विमा आणि सरकारी वैद्यकीय योजना यायच्या आधीपासूनची ही सोय, आणि अजून ती मोडीत निघालेली नाही.

संताची लाकडी मूर्ती वर्षभर एका सभासदाच्या घरी असते. जानेवारीत चर्चमध्ये प्रार्थना होते, मूर्ती मिरवणुकीने दुसऱ्या सभासदाच्या घरी जाते आणि त्या घरी सगळ्यांना खाणंपिणं. ज्याच्याकडे मूर्ती येते त्याचं घर वर्षभर मानाचं.

1938 पासून या गावोगावच्या सणांना एक फिरती जत्राही जोडली गेली. जानेवारीच्या अखेरच्या शनिवार-रविवारी दरवर्षी वेगळं गाव यजमान होतं आणि इतर गावांची मंडळं आपापले झेंडे आणि मूर्ती घेऊन पहाटेच्या थंडीत बागांतून चालत येतात. यजमान गावातल्या बाया-पुरुषांनी आधीचे कित्येक महिने संध्याकाळी एकत्र बसून कागदाची फुलं केलेली असतात. हजारोंनी. ऐन हिवाळ्यात, एकही पान नसलेल्या गावात, खिडक्या, कुंपणं, विहिरी आणि झाडं त्या फुलांनी भरून जातात. गावाचा पाहुणचार म्हणून गावकऱ्यांनी मिळून तयार केलेली वाइन ओतली जाते. गर्दी इतकी वाढली की मध्यंतरी आवरणं कठीण झालं होतं. आता पेला विकत घ्यावा लागतो आणि त्यावर किती घोट मिळतील हेही ठरलेलं असतं.

ही जत्रा सुरू केली ‘शेव्हालिए द्यु तास्तव्हँ’ या मंडळाने. 1934 मध्ये, जागतिक मंदीत वाइनला गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, नुई-सां-जॉर्ज गावातल्या काही जणांनी ते काढलं. त्यांचं म्हणणं असं की वाइन विकली जात नाही, तर निदान मित्रांना बोलावून पाजू. लाल-सोनेरी झगे, लॅटिन मंत्रांचं विडंबन, हात हवेत फिरवत म्हणायचं ला-ला-लाचं गाणं, सगळा थाट त्यांनी रचून घेतला. जुनी परंपरा म्हणून पर्यटक ज्याचे फोटो काढतात त्यातलं बरंचसं एका मंदीतल्या जाहिरातीचं बाळ आहे. ते आता नव्वदीला पोहोचलं, म्हणजे परंपरा म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबरचा लिलाव

1443 मध्ये ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी बोनमध्ये गरिबांसाठी इस्पितळ बांधलं. रंगीत कौलांचं नक्षीदार छप्पर असलेली ही इमारत 1971 पर्यंत इस्पितळ म्हणून वापरात होती. लोकांनी मृत्युपत्रं करून तिला बागा दान दिल्या. आज या संस्थेकडे सुमारे साठ हेक्टर बागा आहेत. त्यांची वाइन 1859 पासून दरवर्षी लिलावात विकली जाते आणि पैसा आरोग्यसेवेला जातो. लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. त्या वर्षीच्या वाइनचा भाव कुठे जाणार याचा पहिला अंदाज इथे येतो, म्हणून सगळा जिल्हा कान टवकारून असतो.

आदल्या दिवशी क्लो द व्हूजोच्या गढीत मेजवानी आणि सोमवारी मर्सोत पोले. तोडणीनंतरच्या मजुरांच्या जेवणाची ही जुनी चाल 1923 मध्ये ज्यूल लाफों यांनी मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू केली. पंगतीत प्रत्येकाने आपापल्या बाटल्या आणायच्या आणि शेजारच्याला वाढायच्या. इथे लेखकालाही पारितोषिक देतात: शंभर बाटल्या मर्सो. मराठी साहित्य संमेलनाच्या आयोजकांना ही कल्पना कुणी सुचवू नये.

ताटात काय

बरगंडीचं जेवण हे मुळात शेतकऱ्याचं जेवण. गोमांस रेड वाइनमध्ये तासन् तास रटरटवायचं, म्हणजे म्हाताऱ्या बैलाचंही मऊ व्हावं. हेच ते प्रसिद्ध बफ बुर्गिन्यों. वाइनच्याच रश्शात सोडलेली अंडी, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी, कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली घातलेलं थंड हॅम. शाकाहारी माणसाची पंचाईत होते खरी, पण गुझेर म्हणजे चीजचे पोकळ, गरम, फुगलेले गोळे तळघरात वाइनसोबत मिळतात, आणि एपवास नावाचं चीज आहे. या चीजचा वास दारातूनच येतो. चव मात्र त्या मानाने सौम्य, लोण्यासारखी. दीजोंची मोहरी तर सगळ्यांच्या ओळखीची.

जेवणाआधी पांढऱ्या अलिगोते वाइनमध्ये काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कासिस फळाचं गोड मद्य घालून देतात. त्याला कीर म्हणतात, कारण 1945 ते 1968 दीजोंचे महापौर असलेले पाद्री फेलिक्स कीर आपल्या प्रत्येक पाहुण्याला हेच पाजत.

तरी एक सांगायला हवं. जेवणाबरोबर रोज वाइन घेणारा फ्रेंच माणूस कमी होत चालला आहे. 1960 मध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त असलेला खप आता निम्म्याच्याही खाली आला. तरुण मंडळी बिअर पितात, नाहीतर काहीच पीत नाहीत.

जमिनीचा भाव

या गावांना आज कशाची भीती असेल तर गारपिटीइतकीच स्वतःच्या भरभराटीची. कोत द ओरमधल्या सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे ग्रां क्र्यू जमिनीचा सरासरी भाव हेक्टरला साठ लाख युरोंच्या पुढे गेला. त्या जमिनीतून वाइन विकून एवढा पैसा एका आयुष्यात निघत नाही. बाप वारला की मुलांना या भावाच्या हिशेबाने वारसा कर भरावा लागतो, आणि ज्या भावंडांना शेती करायची नाही त्यांना त्यांचा वाटा मोजून द्यावा लागतो. तीन मुलांतला एक बोनच्या द्राक्षशेती विद्यालयात शिकून गावात राहू पाहतो, दोघं पॅरिसला असतात. पुढे काय होतं ते आपल्याकडच्या रिंगरोडलगतच्या कुठल्याही गावात विचारावं. सेद्रिक क्लापिश यांचा 2017 चा ‘स की नू ली’ हा चित्रपट नेमका याच पेचावर आहे.

विकत घेणारे मोठे असतात. क्लो दे लांब्रे ही बाग 2014 मध्ये लुई व्हितोंच्या मालक कंपनीकडे गेली. क्लो द तार 2017 मध्ये फ्रांस्वा पिनो यांच्या कंपनीने घेतली. 2012 मध्ये जव्रे-शांबर्तां गावची गढी मकाऊच्या एका कॅसिनो व्यावसायिकाने घेतली, तेव्हा स्थानिक उत्पादकांनी वर्गणी काढून बोली लावली होती. ती तोकडी पडली. नवे मालक बाग उत्तम राखतात, यात शंका नाही. फक्त ते गावात राहत नाहीत. त्यांची मुलं गावच्या शाळेत येत नाहीत, मूर्ती त्यांच्या घरी मुक्कामाला जाऊ शकत नाही, आणि रिकाम्या घरांतून पर्यटकांसाठी खोल्या निघतात. बाग शाबूत राहून गाव उठू शकतं, हा धोका युनेस्कोच्या पाटीने टळत नाही.

जायचं असेल तर

पॅरिसहून दीजों वेगवान रेल्वेने साधारण दीड तासावर, आणि तिथून बोनला गाडी लगेच मिळते. बोनहून सांतनेपर्यंत बागांमधून जाणारी सायकलवाट आहे, सुमारे वीस किलोमीटर. पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिन्यी अशी गावं वाटेत लागतात. सायकली भाड्याने मिळतात. शनिवारी सकाळी बोनचा बाजार भरतो, तो चुकवू नये. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर सगळंच बंद. कुठेही शिरताना आधी ‘बॉन्झूर’ म्हणावं. न म्हणता बोलायला सुरुवात केली तर काम होतं, पण माणूस उघडत नाही.

लहान उत्पादकाकडे आधी कळवल्याशिवाय जाऊ नये, आणि ऐन तोडणीत तर मुळीच नाही. बागेतला घड तोडून तोंडात टाकू नये. तिथे तो चोरीत मोडतो. हिवाळ्यात गेलात आणि कुणी काड्या छाटताना दिसलं, तर आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात एवढं त्याला सांगा. बाकीच्या गप्पा तो स्वतः काढेल.